मनगटावरचं घड्याळ काय मोजतंय आणि काय नुसतं अंदाजाने सांगतंय

आमचे एक काका बेळगावच्या वडगावला असतात, जन्म पॉवरलूमवर गेला, आता लूम मुलं बघतात आणि ते सकाळी फिरायला जातात. बीपीची गोळी सात-आठ वर्षं चालू आहे. मागच्या गणपतीत भाच्याने त्यांना स्मार्टवॉच आणून दिलं, चौदाशे रुपयांचं, त्यात पावलं, झोप, ऑक्सिजन, बीपी, शुगर सगळंच दिसायचं. काका रोज चहाच्या आधी बटण दाबून बीपी बघायचे, रोज ११८-७६ नाहीतर १२०-७८, एकदम झकास. मग त्यांनी गोळीच बंद केली, आणि घरात कुणाला सांगितलं पण नाही. दीड महिन्याने चक्कर आली म्हणून डॉक्टरांकडे नेलं तर दंडाला पट्टा (कफ) बांधायच्या मशीनवर १७२-१०४. डॉक्टर विचारतात गोळी कुणी बंद करायला सांगितली, तर काका हात पुढं करून म्हणतात, "ह्यात नॉर्मल दाखवूलालंय की ओ."

त्या रात्री काकांच्या घरीच बसलो होतो, मी ते घड्याळ घेतलं आणि फळांच्या टोपलीतल्या एका केळ्याला पट्टा आवळून बांधलं. मिनिटभर हिरवा लाईट लुकलुकला आणि आकडे आले. नाडी ७४, बीपी १२१-७९. काकूंनी ते बघितलं, काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि गोळ्यांचं पाकीट आणून काकांच्या ताटाशेजारी ठेवलं.

म्हणून हे सगळं लिहायला बसलोय. घड्याळ घालू नका असं मला सांगायचं नाहीये, मी स्वतः तीन वर्षं घालतोय आणि मला त्याचा उपयोग झालाय. पण त्या छोट्या स्क्रीनवर दहा-बारा आकडे एकाच साईजच्या अक्षरात दिसतात आणि आपल्याला वाटतं सगळे सारखेच खरे. तसं नसतंय. काही आकडे घड्याळ खरोखर मोजतं, काही ते मोजलेल्यावरून हिशेब लावून काढतं, आणि काही तर त्याच्याकडे मोजायचं साधनच नसताना दाखवतं. कुठला आकडा कुठल्या जातीचा हे कळलं की फायदा पण कळतो आणि धोका पण.

आधी नाडी घेऊ, कारण ह्या घड्याळाचं खरं काम तेच. घड्याळ पालथं करून बघा, मागे हिरवा लाईट असतो. हिरवाच का, तर रक्त आपल्याला लाल दिसतं कारण ते लाल प्रकाश परत सोडतं आणि हिरवा शोषून घेतं. हृदयाचा एक ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची एक लाट येते, त्या क्षणी हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो आणि परत कमी येतो, दोन ठोक्यांच्या मधे उलटं. लाईटच्या शेजारी उजेड मोजणारा एक बारीक सेन्सर असतो, फोटोडायोड म्हणतात त्याला, तो सेकंदाला कितीतरी वेळा बघत बसतो की किती उजेड परत आला. कमी-जास्त, कमी-जास्त, ह्या लाटा मोजल्या की झाली नाडी. म्हणजे घड्याळ तुमचा ठोका ऐकत नाही, उजेडाचा चढउतार बघतं, आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकीच्या निम्म्या भानगडी आपोआप सुटतात.

उदाहरणार्थ पट्टा सैल असला की बाहेरचा उजेड आत शिरतो आणि हिशेब चुकतो. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरायला गेलं की हात गारठलेले असतात, थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथं रक्तच कमी येतंय म्हटल्यावर लाट बारीक होते आणि पहिली दहा मिनिटं घड्याळ काहीतरीच दाखवतं. आमच्या आजीच्या मनगटावर गोंदण आहे, जुन्या बायकांच्या हातावर असतंय तसं, हिरवट-निळं, चांगलं ठसठशीत. तिच्या त्या हातावर घड्याळ नाडीच पकडेना, दुसऱ्या हातावर बांधलं की लगेच पकडली, कारण गोंदणाची शाई प्रकाश अडवते. टॅटूवाल्या पोरांना पण हाच अनुभव येतो. पळताना अजून एक घोटाळा होतो, हात तालात हलतो तसा उजेड पण तालात हलतो आणि घड्याळ कधीकधी नाडीऐवजी पावलांचाच ताल मोजतं, मग नाडी १२५ असताना स्क्रीनवर १६५ दिसते आणि माणूस घाबरून मधेच थांबतो.

आणि ते केळं? केळ्यावरून पण उजेड परत येतो, त्यात बारीकसा चढउतार असतोच, आणि "इथं नाडी नाही" असं सांगण्याऐवजी घड्याळ त्या खडखडाटातनं एक बऱ्यापैकी दिसणारा आकडा काढून देतं.

तरी पण स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी चांगल्या घड्याळात बऱ्यापैकी बरोबर येते. २०१७ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाने सात वेगवेगळी उपकरणं ६० माणसांच्या हाताला बांधून तपासली, त्यातल्या सहांची नाडीतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. त्याच अभ्यासात कॅलरीचा आकडा मात्र एकाचाही धड आला नाही, सगळ्यात बरं होतं ते सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. कारण सरळ आहे, नाडी घड्याळाला दिसते, कॅलरी दिसत नाही. ती तुमचं वय, वजन, उंची, नाडी आणि हालचाल घेऊन सूत्रात घालून काढलेली असते, आणि ते सूत्र सरासरी माणसाचं, तुमचं नव्हे. म्हणून घड्याळाने सांगितलं आज ४०० कॅलरी जळल्या आणि त्या भरवशावर घरी येऊन कुंद्याच्या दोन वाट्या संपवल्या तर महिनाअखेरीस वजनकाटा काय सांगेल ते सांगायला नको.

आता पावलं. ह्यात उजेडाचा संबंध नाही, ह्यासाठी आत तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते, ॲक्सिलरोमीटर. हात पुढं-मागं, वर-खाली, आजूबाजूला किती झटक्याने हलला ते तिला कळतं. चालताना हात एका तालात हलतो, तो ताल सापडला की एक पाऊल, दोन पावलं असं मोजत जाते. पाय कुठं आहे हे तिला माहीतच नाही! एकदा आईने भाकऱ्या थापायला घेतल्या तेव्हा मी तिच्या उजव्या हाताला घड्याळ बांधून बघितलं, ती परातीसमोर पाटावर बसलेली, जागची हलली नाही, आणि बारा भाकऱ्या होईपर्यंत चारशेच्या वर पावलं झाली. हरिपाठाला टाळ वाजवणाऱ्या माणसाचं तर विचारूच नका, मांडी घालून बसलेला असतो आणि घड्याळ म्हणतंय शाब्बास, आजचं टार्गेट झालं. खड्ड्यांच्या रस्त्यावरनं टू-व्हीलर चालवली तरी काही घड्याळं पावलं वाढवतात.

ह्याच्या उलट पण होतं आणि ते मला जास्त लागतं. माझी वहिनी यळ्ळूरची, पावसाळ्यात माहेरी भात लावायला जाते. गुडघाभर चिखलात कमरेत वाकून, मागं मागं सरकत, दिवसभर. पाऊल सावकाश पडतंय, हात वेगळ्याच तालात चाललाय. संध्याकाळी घड्याळात बघितलं तर तीन हजार पण नाहीत, आणि वर मेसेज, जरा हालचाल करा म्हणून. ती रात्री कंबर धरून झोपली. भाजी मार्केटात हातगाडी ढकलणाऱ्याचं तसंच, दोन्ही हात दांड्यावर घट्ट, म्हणून मैलभर ढकलली तरी पावलं कमीच भरतात. ही घड्याळं बनवताना डोळ्यासमोर ऑफिसात खुर्चीवर बसणारा माणूस असावा असं मला वाटतं, शेतात राबणाऱ्या बाईचं कष्ट मोजायची त्याच्यात सोयच नाही. तेव्हा अशा माणसाने आपलं पावलांचं टार्गेट झालं नाही म्हणून संध्याकाळी परत चालायला जायची काहीएक गरज नाही.

आणि ते १०,००० पावलांचं काय आहे ते पण ऐका, कारण सकाळी फिरायला येणारे निम्मे लोक त्या आकड्याच्या मागे असतात. टोकियोला १९६४ साली ऑलिंपिक झालं, जपानात व्यायामाची हवा होती, १९६५ ला तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि नाव ठेवलं मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. आकडा तोंडात बसला आणि तिथनं जगभर गेला. डॉक्टरांनी अभ्यास करून ठरवलेला तो नाही. पुढे २०१९ ला अमेरिकेत साधारण ७२ वर्षं सरासरी वयाच्या सोळा-सतरा हजार बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास गेल्यावर पुढं त्यात फारसा फरक पडेना. तरुण माणसाचं गणित वेगळं असू शकतं, पण आपल्या घरातल्या सत्तरीच्या माणसाला गुडघा दुखत असताना नऊ हजारावरनं दहा हजारावर जायला लावू नका एवढं नक्की.

मग घालून उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग आहे, आणि तो चांगला आहे. २०२२ साली अशा बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात असं दिसलं की ट्रॅकर, म्हणजे असलं पावलं मोजणारं घड्याळ किंवा पट्टा, घालणारी माणसं दिवसाला सरासरी १,८०० च्या आसपास पावलं जास्त चालतात. हे कमी नाही, शुगर किंवा बीपी असणाऱ्या माणसाला तर हे फार आहे. वजनाचा फायदा मात्र किलोभराचा. आणि २०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासात तर उलटंच निघालं, ४७१ तरुण माणसं, दोन वर्षं, सगळ्यांना खाण्याचा आणि व्यायामाचा सल्ला, निम्म्यांना ट्रॅकर पण दिला. ट्रॅकरवाल्यांचं वजन साडेतीन किलोने उतरलं, बिनट्रॅकरवाल्यांचं ५.९ किलोने. म्हणजे चालायला उठवण्यासाठी घड्याळ कामाचं, पण नुसतं घड्याळ बांधून वजन उतरेल ह्या आशेवर राहू नका.

दुसरा उपयोग मला ह्यापेक्षा मोठा वाटतो, तो म्हणजे स्वस्थ असतानाची नाडी. सकाळी उठायच्या आधी, काही हालचाल न करता ठोके किती पडतात ते. मोठ्या माणसाला ६० ते १०० नॉर्मल म्हणतात, रोज पळणाऱ्यांचे ५० पण असतात. एका दिवसाचा आकडा धरून बसायचं नाही, आठवड्या-महिन्याची रेघ बघायची. माझी रोज ६४-६५ असते, एकदा तीन दिवस ७६-७८ दिसली, मला काहीच होत नव्हतं, चौथ्या दिवशी ताप आला. ताप येताना ठोके वाढतात हे आपल्या वैद्यांना नाडी धरून पूर्वीपासून कळतंच होतं, घड्याळ फक्त रात्रभर नाडी धरून बसतं. आणि उलट, चार महिने रोज चालल्यावर माझी तीच रेघ चार-पाच ठोक्यांनी खाली आली, ते बघून जो हुरूप आला तो कुठल्या पदकाने आला नसता.

तिसरं, हृदयाचा ताल. काही लोकांच्या हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, एएफ. रक्त तिथं साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. वाईट गोष्ट अशी की हे अधूनमधून येतं-जातं, डॉक्टरांच्या समोर ईसीजी काढताना नेमकं नसतं, पण घड्याळ दिवसरात्र हातालाच असल्यामुळे त्याला सापडू शकतं. ॲपलच्या घड्याळावर झालेला मोठा अभ्यास २०१९ ला प्रसिद्ध झाला, ४,१९,२९७ लोक होते, त्यातल्या २,१६१ जणांना "ठोके अनियमित आहेत" असा इशारा आला. ज्यांनी नंतर छातीला ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली अशा ४५० जणांत ३४ टक्क्यांना एएफ सापडला. बाकीच्यांचा इशारा खोटाच होता असं नाही, कारण ते येतं-जातं. पण ह्यातनं दोन गोष्टी घ्यायच्या, इशारा आला तर घाबरून रात्रभर जागायचं नाही आणि दुर्लक्ष पण करायचं नाही, दुसऱ्या दिवशी जाऊन नीट ईसीजी काढायचा. आणि छातीत दुखतंय, घाम फुटलाय, डावा हात भरून आलाय तेव्हा घड्याळात नॉर्मल दिसलं तरी थेट हॉस्पिटल गाठायचं, हार्ट अटॅक हे घड्याळ ओळखत नाही. हे मी खानापूरच्या आतल्या गावांतल्या लोकांना विशेष करून सांगतो, तिथनं बेळगावला पोचायलाच वेळ लागतो, त्यात अजून अर्धा तास घड्याळाकडे बघण्यात घालवू नका.

आता काकांच्या बीपीकडे परत येतो. बीपी म्हणजे रक्ताचा नळीच्या भिंतीवरचा दाब. तो मोजायचा तर बाहेरून दाबून बघावं लागतं. दंडाला पट्टा बांधून हवा भरायची, रक्त थांबवायचं, मग हवा हळूहळू सोडत कुठल्या दाबाला रक्त परत वाहायला लागलं ते ऐकायचं, ही पद्धत रशियन डॉक्टर कोरोत्कोव्ह यांनी १९०५ ला सांगितली आणि अजून तीच खरी धरतात. मनगटावरच्या साध्या घड्याळात हवा भरायचा पट्टा नाही, पंप नाही, आहे तो फक्त हिरवा लाईट. लाटेच्या आकारावरनं दाबाचा अंदाज लावता येतो का ह्यावर खरं संशोधन चाललंय, काही नामी कंपन्या तो अंदाज देतात पण त्यांना पण दर चार आठवड्यांनी खऱ्या कफच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. ज्या घड्याळाने तुम्हाला कधीच कफशी जुळवून घ्या म्हणून सांगितलं नाही आणि तरी रोज १२०-८० दाखवतं, त्याचा आकडा कुठून आला असेल ते केळ्याने दाखवलंच.

शुगरचं तर अजून स्पष्ट आहे. कातडीला न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, ती वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याने, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. दंडाला चिकटवायचे जे सेन्सर असतात ते वेगळे, त्यांची बारीक तार कातडीच्या आत जाते. नुसत्या लाईटने शुगर सांगणाऱ्या घड्याळाकडे बघून कुणी इन्सुलिनचा डोस बदलला तर त्याचा जीव जाऊ शकतो. हे मी वाढवून सांगत नाहीये.

ऑक्सिजनबद्दल थोडक्यात. तो लाल आणि डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड अशा दोन उजेडांनी मोजतात, ऑक्सिजन असलेलं रक्त आणि नसलेलं रक्त हे दोन उजेड वेगवेगळं शोषतात, जपानच्या ताकुओ आओयागींनी सत्तरच्या दशकात काढलेली युक्ती. बोटाच्या चिमट्यात उजेड बोटातनं आरपार जातो, मनगटात हाडं मधे येतात म्हणून उलटून आलेलाच उजेड वापरावा लागतो आणि ते अवघड काम. शिवाय २०२० च्या एका अमेरिकन अभ्यासात हॉस्पिटलमधली बोटाची यंत्रं पण काळ्या वर्णाच्या पेशंटमध्ये ऑक्सिजन कमी झालेला जास्त वेळा चुकवत होती असं निघालं, गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट. आपण सावळी माणसं, हे लक्षात असू द्या.

झोपेचं. किती वाजता झोपला आणि कधी उठला हे घड्याळाला बऱ्यापैकी कळतं. गाढ झोप किती, स्वप्नाची झोप किती, हे मात्र अंदाज, कारण ते खरं मोजायचं तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. माझ्या ओळखीच्या एका बाईंना सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटायचं, मग घड्याळातला झोपेचा स्कोअर बघितला की शंभरात ५८, आणि दिवसभर त्या दमलेल्या. पुढे रात्री झोपताना स्कोअरच्या काळजीने झोपच येईना. २०१७ ला अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ह्या प्रकाराला ऑर्थोसोम्निया असं नावच दिलं. त्यांना मी सांगितलं रात्री घड्याळ चार्जिंगला लावा आणि झोपा. महिनाभरात बरं वाटलं त्यांना.

माहिती कुठं जाते हा पण विषय आहे आणि बेळगावात तर तो जास्तच. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर इथं, आजूबाजूच्या गावांत घरटी नाही म्हटलं तरी गल्लीत दोन-चार घरं फौजीची. स्ट्राव्हा नावाच्या ॲपने नोव्हेंबर २०१७ ला लोक कुठं कुठं पळतात त्याचा जगाचा नकाशा छापला, आणि जानेवारी २०१८ ला एका ऑस्ट्रेलियन कॉलेजच्या पोराच्या लक्षात आलं की वाळवंटात जिथं काहीच नाही तिथं उजळ रेघा दिसतायत, त्या अमेरिकन सैन्याच्या तळांवर जवान पळत होते त्या. कुणी हेरगिरी केली नव्हती, जवानांनी फक्त हाताला घड्याळ बांधलं होतं. घरी सुट्टीवर आलेल्या पोराच्या फोनमधलं लोकेशन आणि "सगळ्यांना दिसू दे" हे सेटिंग एकदा बघून घ्या. मुलींनी पण रोजचा पळायचा रस्ता आणि वेळ उघडी ठेवू नये. आपल्याकडे २०२३ ला डेटाचा कायदा झालाय, पण चौदाशेच्या घड्याळाचं ॲप माहिती कुठल्या देशात नेतं ते आपल्याला कोण सांगणार.

वापरणार असाल तर पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, व्यायामाच्या वेळी जरा घट्ट, एरवी थोडा ढिला पण कातडीला टेकलेला. घामाने आणि साबणाने पट्ट्याखाली पुरळ येतं, आंघोळीनंतर हात आणि पट्टा दोन्ही कोरडे करून मगच बांधा. बांगड्या असतील तर बिनबांगडीचा हात किंवा बांगड्यांच्या वर. ज्या हाताने भाकरी थापता त्याच्या दुसऱ्या हाताला.

काकांनी घड्याळ टाकलं नाही, ते सकाळी फिरताना घालतात. बीपीसाठी मात्र दंडाचं मशीन आणलं. सकाळी चहाच्या आधी खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, दोनदा मोजायचं आणि लिहायचं. लिहितात ते लूमच्या जुन्या हिशेबाच्या वहीत, जिथं आधी साड्यांचे नग आणि सुताचे भाव होते त्याच्या पुढच्या पानांवर, तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा. मागच्या वेळी डॉक्टरांनी वही चाळली, १४२-८८, १३८-८६, १३४-८४ असं खाली येत गेलेलं, आणि म्हणाले काका, गोळी हीच चालू ठेवा, वही घेऊन पुढच्या महिन्यात या.